शेतातल्या टाकाऊ मालापासून बांधकामाचे बोर्ड : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

काड, तूस, पऱ्हाटी यांच्यापासून खरंच टिकाऊ बोर्ड होतो, की हे फक्त प्रदर्शनात दाखवण्यापुरतं आहे?

होतो, आणि शंभर वर्षांपासून होतोय. 1920 च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत लुइझियानातल्या मरेरो इथे उसाच्या चोथ्यापासून उष्णतारोधक बोर्ड बनवणारा ‘सेलोटेक्स’चा कारखाना उभा राहिला. 1930 च्या दशकात स्वीडनमध्ये गव्हाचं काड दाबून जाड पाट्या करण्याची पद्धत निघाली. पुढे ती ‘स्ट्रामिट’ या नावाने ब्रिटन-ऑस्ट्रेलियापर्यंत पोहोचली. बेल्जियममध्ये जवसाच्या झाडाचा धागा काढून घेतल्यावर उरणाऱ्या काडीचे बोर्ड करतात. ते दारांच्या आत भरणा म्हणून वापरले जातात. त्यामुळे ‘होतो का’ हा प्रश्न केव्हाच सुटलेला आहे. आता प्रश्न आहे तो माल नीट सांभाळण्याचा. खाली मी त्याच्याकडे पुन्हा पुन्हा वळणार आहे, कारण बहुतेक फसलेले बोर्ड प्रेसमध्ये, म्हणजे दाबयंत्रात, पोहोचण्याआधीच फसलेले असतात.

कोणकोणता माल चालतो?

वनस्पतीच्या कुठल्याही कडक भागात सेल्युलोज, हेमिसेल्युलोज आणि लिग्निन हे तीन घटक असतात. लाकडातही हेच असतात. म्हणून तत्त्वतः सगळंच चालतं, पण प्रत्येकाचा स्वभाव निराळा.

कापसाची पऱ्हाटी आणि तुरीची तुऱ्हाटी या लाकडाला सर्वांत जवळच्या. त्यांचे कण लाकडाच्या कणांसारखे वागतात आणि नेहमीचं रेझीन, म्हणजे कण चिकटवणारा कारखान्यातला डिंक, त्यांना धरतं. सुरुवात करणाऱ्याला मी यांचंच नाव सांगतो. मुंबईच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने पऱ्हाटीच्या पार्टिकल बोर्डवर (कण चिकटवून, दाबून केलेल्या बोर्डवर) पुष्कळ काम केलेलं आहे. पऱ्हाटीची अडचण तिच्या सालीत आहे. साल लांब, चिवट धाग्यांची असते. ती यंत्राच्या दांड्याला गुंडाळते आणि कणांत गोळे करते.

उसाच्या चोथ्यात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र असतात : बाहेरचा मजबूत धागा आणि आतला स्पंजासारखा गर. वाळलेल्या चोथ्यात हा गर साधारण तिसरा हिस्सा भरतो. तो रेझीन शोषून घेतो, ताकद मात्र काहीच देत नाही. गर झोडपून, चाळून काढून टाकला तर उरलेल्या धाग्याचा फार सुंदर बोर्ड होतो. तसाच ठेवला तर रेझीन वाया जातं आणि बोर्ड पाणी पितो.

गव्हाचं काड आणि भाताचा पेंढा मुबलक, पण हट्टी. त्यांच्यासाठी पुढे वेगळा प्रश्न आहे. तूस धान्याच्या गिरणीतच एका जागी जमतं, वेगळं गोळा करावं लागत नाही, ही त्याची मोठी जमेची बाजू. नारळाच्या सोडणात लिग्निन भरपूर असतं. तागाच्या काड्या, मक्याची धाटं, भुईमुगाची टरफलं यांचेही बोर्ड होतात. टरफलाचा कण आखूड असल्याने त्याचा बोर्ड वाकवला की लवकर तुटतो, म्हणून मी तो मधल्या थरात घालतो.

पेंढा आणि तूस यांना रेझीन का धरत नाही?

काडी हातात घेऊन बोटांनी दाबत फिरवा. बाहेरून ती चकचकीत आणि निसरडी लागेल, आतून मऊ आणि फिकट. ती चकाकी मेणाच्या थराची असते आणि त्याखाली सिलिका असते. पाऊस आत जाऊ नये म्हणून झाडाने केलेली ही सोय आपल्या रेझीनलाही बाहेरच थोपवते. पाण्यात विरघळलेलं युरिया-फॉर्मल्डिहाइड, म्हणजे नेहमीचं रेझीन, या पृष्ठभागावर थेंबाथेंबाने उभं राहतं, पसरत नाही.

तुसात तर सिलिका फारच जास्त. भाताच्या वजनाचा साधारण पाचवा हिस्सा तूस असतं. ते तूस जाळलं तर त्याचा जवळपास पाचवा हिस्सा राख उरते आणि त्या राखेत 90 टक्क्यांच्या आसपास सिलिका असते. म्हणजे वाळूच म्हणा ना. चिरणाऱ्या पात्यांची धार ती बघता बघता घालवते.

उपाय दोन. एक, काडी उभी चिरून किंवा वाफेवर दळून तिची आतली बाजू उघडी करायची. दुसरा, पीएमडीआय नावाचं आयसोसायनेट रेझीन वापरायचं. ते मेणाला न जुमानता पसरतं आणि मालातल्या ओलाव्याशीच संयोग पावतं. त्याचं प्रमाणही कमी लागतं : कोरड्या मालाच्या 3 ते 6 टक्के पुरतं, तर युरिया-फॉर्मल्डिहाइड 8 ते 12 टक्के लागतं.

मग सगळीकडे पीएमडीआयच का वापरत नाहीत?

ते महाग आहे आणि ते लोखंडालाही तितक्याच प्रेमाने चिकटतं. प्रेसच्या तव्याला न चिकटणारा कागद किंवा बोर्ड सहज सुटावा यासाठीचा द्रव लावला नाही तर बोर्ड तव्यावरून खरवडून काढावा लागतो. शिवाय घट्ट होण्याआधी त्याची वाफ आणि फवारा फुप्फुसांना घातक आहे, दम्याचा कायमचा त्रास जडू शकतो. बंद यंत्र, हवा खेचणारी व्यवस्था आणि योग्य मुखवटा नसेल तिथे ते उघडूच नये. एकदा घट्ट झाल्यावर मात्र त्यातून फॉर्मल्डिहाइड निघत नाही.

फॉर्मल्डिहाइडची भीती कितपत खरी?

खरी आहे. युरिया-फॉर्मल्डिहाइडच्या बोर्डातून फॉर्मल्डिहाइड वायू निघतो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 2004 मध्ये त्याला माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. नव्या फर्निचरच्या खोलीत डोळे चुरचुरतात ते बरेचदा याच वायूमुळे. युरोपातल्या ‘ई1’ या उत्सर्जन वर्गाची मर्यादा हवेत दर घनमीटरला 0.124 मिलिग्रॅम आहे. बोर्ड शेतमालाचा आहे म्हणजे तो आपोआप निर्धोक आहे, असं मुळीच नाही. काड कितीही नैसर्गिक असलं तरी धोका रेझीनमध्ये असतो. विक्रेता फक्त ‘पर्यावरणपूरक’ म्हणत असेल तर रेझीन कुठलं आणि उत्सर्जनाचा वर्ग कोणता, हे दोन प्रश्न विचाराच.

सोयाबीनच्या पेंडीतल्या प्रथिनांवर आधारित डिंकही आता कारखान्यांत वापरात आहे. अमेरिकेत 2005 च्या सुमारास एका मोठ्या प्लायवूड कंपनीने तो स्वीकारला. त्यामागचं संशोधन ओरेगन स्टेट विद्यापीठातलं, आणि त्याची मूळ कल्पना समुद्रातले शिंपले ओल्या खडकाला कसे चिकटतात हे बघून सुचलेली.

रेझीन अजिबात न घालता बोर्ड होतो का?

होतो. लिग्निन हा झाडाचा स्वतःचा डिंक आहे. उष्णता, ओलावा आणि दाब एकत्र आले की तो मऊ होतो आणि थंड झाल्यावर पुन्हा घट्ट होतो. नारळाच्या सोडणाचा असा रेझीनविरहित, घट्ट, जड बोर्ड चांगला जमतो. दाबलेल्या काडाच्या पाट्यांतही बाहेरचा डिंक घालत नाहीत : काड सुमारे 200 अंश सेल्सिअसला दाबतात आणि दोन्ही बाजूंना जाड कागद चिकटवतात. साधारण 58 मिलिमीटर जाडीच्या या पाट्या आतल्या भिंतींना वापरतात. या बोर्डांची नड एकच, सतत ओल लागली की ते सुटतात.

प्रत्यक्षात बोर्ड कसा बनतो?

माल चिरायचा, धूळ-माती चाळून काढायची, सुकवायचा, रेझीन फवारून घुसळायचा, त्याची सारखी गादी पसरायची, गरम प्रेसमध्ये दाबायची, निवू द्यायची, कडा कापायच्या, घासायची. सांगायला एवढंच.

नमुन्याचा हिशोब करून बघू. 300 बाय 300 मिलिमीटर, 12 मिलिमीटर जाड, घनता घनमीटरला 700 किलो. असा बोर्ड 756 ग्रॅम भरेल. त्यात सुमारे 660 ग्रॅम कोरडे कण, 8 टक्क्यांनी 53 ग्रॅम कोरडं रेझीन आणि बाकीचं पाणी. हे 660 ग्रॅम कण चौकटीत पसरले की गादी बोर्डाच्या कितीतरी पट उंच होते. ती पसरताना घाई करू नका. कोपऱ्यात मूठभर कमी पडलं तर तोच कोपरा पुढे स्क्रू सोडतो. मी हाताने पसरून झालं की तळवा सपाट ठेवून सगळीकडे हलकेच दाबून बघतो, पोकळ जागा हाताला लगेच कळते.

प्रेसचं तापमान 160 ते 200 अंश आणि दाब 2.5 ते 4 मेगापास्कलच्या दरम्यान असतो. तव्याला लागलेल्या बाहेरच्या थरातलं पाणी आधी वाफ होतं आणि ती वाफच उष्णता मध्यापर्यंत नेते. म्हणून थोडा ओलावा हवाच असतो. बाहेरचे थर आधी मऊ होऊन जास्त दबतात, त्यामुळे बोर्डाचा पृष्ठभाग कडक आणि मध्य जरा सैल राहतो. वाकण्याला ताकद देणारा हा कडक पृष्ठभाग आहे, त्यामुळे शेवटी घासताना तो उगाच जास्त काढू नये.

प्रेस उघडताना बोर्ड मधूनच फाटतो. का?

आत वाफ अडकली आहे. पेंढ्याचा माझा पहिला बोर्ड असाच गेला. माल हाताला कोरडा लागत होता म्हणून मी मोजला नाही. वेळ झाली, दाब सोडला, तर आधी लांबलचक फुस्स आणि मग एक दणका. बोर्ड बाहेर काढला तेव्हा वरून ठीक दिसत होता. बोटाच्या सांध्याने टकटक केलं तर कडेला टणक आवाज, मध्यात भरल्या पोत्यासारखा बद्द. कडेवर सुरी घातली तसा तो पुस्तकासारखा दोन पानांत उघडला. आतली काडी अजून ओलसर होती आणि तिच्यावर रेझीन पांढऱ्या कणांच्या रूपात तसंच पडलेलं होतं.

हाताच्या अंदाजावर जाऊ नका. 100 ग्रॅम माल 103 अंशांच्या भट्टीत वजन स्थिर होईपर्यंत ठेवा. 89 ग्रॅम उरला तर 11 ग्रॅम पाणी गेलं, म्हणजे कोरड्या वजनावर 12 टक्क्यांहून जास्त ओलावा. युरिया-फॉर्मल्डिहाइडसाठी कण 3 ते 4 टक्क्यांवर आणावे लागतात, कारण रेझीनबरोबर आणखी पाणी येणारच असतं. आणि दाब एकदम सोडू नका. टप्प्याटप्प्याने सोडा, वाफेला कडेने निघायला वेळ द्या.

माल साठवायचा कसा?

या प्रश्नासाठी मला जास्त जागा हवी आहे, कारण बाकी सगळं यावर उभं आहे. पीक वर्षातून एक-दोनदा निघतं, बोर्ड मात्र वर्षभर बनवायचे असतात. म्हणजे माल महिनोन्‌महिने पडून राहणार. त्याला ‘कचरा’ म्हटलं की तो कचऱ्यासारखाच उघड्यावर टाकला जातो. धान्याला जशी जागा देतो तशी याला दिली पाहिजे : खाली फळ्या किंवा खडीचा उंचवटा, वर छप्पर, थप्प्यांत हवा खेळायला वाट.

काडाची गाठ 15 टक्क्यांच्या खालच्या ओलाव्यावर बांधावी. त्यावर गेली की आत बुरशी धरते, ती आधी हेमिसेल्युलोज आणि मग धागा खाते. असा माल दिसायला फक्त करडा पडलेला असतो, पण चिमटीत चुरला की पीठ होतं. उसाच्या चोथ्याचं तर आणखी वेगळं. गाळपातून तो निम्मा पाणी घेऊन येतो आणि त्यात थोडी साखरही राहते. ढीग आंबतो, आतून तापतो, कधी आपोआप पेट घेतो. ढिगात हात घातल्यावर ऊब लागली, तर तो ढीग आजच फोडा.

यात कामगारांच्या जिवाचाही प्रश्न आहे. बुरशी लागलेल्या, सुकलेल्या चोथ्याच्या धुळीने ‘बगॅसोसिस’ नावाचा फुप्फुसाचा आजार होतो : ताप, खोकला, धाप. पुन्हा पुन्हा झाला तर फुप्फुसं कायमची आक्रसतात. गाठी फोडण्याच्या जागेवर धूळ खेचणारी यंत्रणा आणि चांगला मुखवटा ही चैन नाही. बोर्डाच्या खर्चात हा खर्च पहिल्या दिवसापासून धरला पाहिजे.

पाणी लागलं तर?

फुगतो. दाबलेला कण पाणी मिळताच पुन्हा मूळ जाडीकडे जाऊ बघतो. कोरड्या मालाच्या 0.5 ते 1 टक्का मेण घातलं तर पाणी आत शिरायला वेळ लागतो, पण थांबत नाही. युरिया-फॉर्मल्डिहाइडचा बोर्ड न्हाणीघरात किंवा बाहेरच्या भिंतीला लावू नका. कडा हा सर्वांत दुबळा भाग, म्हणून प्रत्येक कापलेली कड बंद करा. पट्टी लावा, नाहीतर रंगाचे दोन हात तरी द्या.

वाळवी, बुरशी, उंदीर?

वाळवीसाठी टाकणखार आणि बोरिक आम्ल यांचं मिश्रण मालातच घालता येतं. ते बुरशीलाही आवर घालतं. ते पाण्यात विरघळतं, त्यामुळे ओलीच्या जागी धुऊन निघतं. उंदरांना आकर्षण असतं ते मालात राहून गेलेल्या दाण्यांचं. चाळणी नीट केली की तो त्रास बराच कमी होतो.

आग लवकर धरतो का?

सुटं काड भुर्रकन पेटतं, म्हणून लोकांना ही भीती वाटते. दाबलेल्या बोर्डात हवेला जागाच नसते. त्याचा पृष्ठभाग कोळसतो आणि तो कोळसा आतल्या भागाला काही काळ वाचवतो. तरीही हा जळणारा पदार्थच आहे. जिथे नियमाने ठरावीक अग्निरोध लागतो तिथे चाचणीचा कागद बघितल्याशिवाय वापरू नये. खरा धोका कारखान्यात असतो, तिथली बारीक धूळ ठिणगीने स्फोटासारखी पेटते.

सिमेंट किंवा चुन्यात घालून चालेल?

चालेल, पण साखर आडवी येते. चोथ्यातली किंवा काडातली विरघळणारी साखर सिमेंटचं घट्ट होणं लांबवते, कधी थांबवतेच. माल आधी गरम पाण्यात भिजवून धुवावा लागतो. असे बोर्ड जड, पण आग, वाळवी आणि ओल तिन्हींना चांगले तोंड देतात.

बुरशीपासून बोर्ड वाढवतात म्हणे?

हो. ओलसर, निर्जंतुक केलेल्या मालावर अळिंबीच्या जातीची बुरशी वाढवतात. तिचे पांढरे तंतू कणांना विणून टाकतात, मग तापवून तिची वाढ थांबवतात. 2014 मध्ये न्यूयॉर्कमध्ये मक्याच्या धाटांवर वाढवलेल्या सुमारे 10,000 विटांचा मनोरा काही महिन्यांसाठी उभारला होता. हा माल हलका असतो. तो वेष्टन आणि ध्वनिरोधनाला उत्तम, पण त्याच्यावर वजन टाकण्याची अपेक्षा धरू नये.

घरी करून बघता येईल का?

दाबाचा हिशोब बघा. वरच्या 300 मिलिमीटरच्या नमुन्याला 3 मेगापास्कल दाब द्यायचा तर सुमारे 27 टनांचं बळ लागतं. 2.44 बाय 1.22 मीटरच्या पूर्ण शीटला सुमारे 900 टन. हातप्रेसवर लहान नमुने होतील, भिंतीला लावायचा माल होणार नाही. घरी शिकायचंच असेल तर धुतलेलं तूस आणि चुना यांच्या लहान पाट्या करून बघा. त्यात उष्णता नाही आणि विषारी वाफही नाही, फक्त चुना हाताळताना हातमोजे आणि चष्मा घाला.

सगळं काड उचललं तर जमिनीचं आणि गुरांचं काय?

जो माल गुरं खातात तो बोर्डासाठी घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. वैरण आधी. उरलेल्यातलाही काही भाग रानात राहू द्यावा, कारण काडातलं पालाश आणि सेंद्रिय कर्ब जमिनीलाच परत जायला हवं. पऱ्हाटीसारखा, गुरं न खाणारा आणि बऱ्याच ठिकाणी बांधावर जाळला जाणारा माल हा या धंद्याचा खरा पाया व्हावा.

एवढं चांगलं आहे तर कारखाने बंद का पडतात?

कॅनडात मॅनिटोबातल्या एली इथे 1998 मध्ये गव्हाच्या काडाचा मोठा कारखाना सुरू झाला, काही वर्षांतच बंद झाला. कॅलिफोर्नियात पेंढा जाळण्यावर 1991 च्या कायद्याने टप्प्याटप्प्याने बंधनं आली. त्या पेंढ्यापासून एमडीएफ (बारीक धाग्यांचा दाबलेला बोर्ड) करणारा कारखाना विलोज इथे 2020 मध्ये सुरू झाला आणि 2021 मध्ये त्याने दिवाळखोरीचा अर्ज केला. प्रत्येकाची कारणं वेगळी असतात, पण एक अडचण सगळ्यांना सारखीच भोवते. गाठीची घनता घनमीटरला 120 किलो धरली तर एक घनमीटर बोर्डासाठी सहा घनमीटरच्या आसपास गाठी वाहून आणाव्या लागतात. गाडी वजनाने भरण्याआधी जागेनेच भरते. अंतर वाढलं की हिशोब कोलमडतो. म्हणून मला प्रचंड कारखान्यापेक्षा पिकाच्या पट्ट्यातच बसलेला मध्यम कारखाना जास्त पटतो.

पर्यावरणाचा फायदा आकड्यात सांगता येईल?

ढोबळ मानाने येईल. एका घनमीटर बोर्डात 600 किलो कोरडं काड असेल आणि त्यात 40 टक्के कार्बन असेल, तर तो 240 किलो होतो. जाळलं असतं तर त्याचा सुमारे 880 किलो कार्बन डायऑक्साइड झाला असता. तो बोर्ड वापरात आहे तोवर अडकून राहतो. यातून सुकवणी, वाहतूक आणि रेझीन यांचा वाटा वजा करायचा. सुकवायला लागणारी उष्णता चाळणीतून निघालेल्या धुळीतून आणि गरातून मिळवली तर ती वजाबाकी बरीच कमी होते.

सुताराने काय लक्षात ठेवावं?

सिलिकामुळे साधं पातं लवकर बोथट होतं, कार्बाइडच्या दातांचं वापरावं. स्क्रूसाठी आधी बारीक भोक पाडावं आणि स्क्रू कडेत न घालता पृष्ठभागातून घालावा. बोर्ड लावण्याआधी दोन-तीन दिवस त्याच खोलीत आडवे रचून ठेवावेत, म्हणजे त्यांचा ओलावा तिथल्या हवेशी जुळतो. कापताना मुखवटा हवाच.

विकत घेताना बोर्ड कसा पारखावा?

आधी कागद : भारतात पार्टिकल बोर्डसाठी आयएस 3087 आणि युरोपात ईएन 312 ही मानकं आहेत. आयएस 3087 च्या नावातच लाकडाबरोबर इतर वनस्पतिजन्य मालाचा समावेश आहे, त्यामुळे ‘शेतमालाला मानकच नाही’ हे कारण कुणी सांगितलं तर ते ऐकून घेऊ नका. मग बोर्ड : कड बघा, मध्यात भगदाडं किंवा करडे, कुजकट वासाचे कण दिसतात का. पूर्ण शीटवर टकटक करत जा, आवाज कुठे बद्द होतो का ऐका. शेवटी हातभर तुकडा मागून घ्या, जाडी मोजा, 24 तास पाण्यात बुडवून ठेवा आणि पुन्हा मोजा. 12 मिलिमीटरचा बोर्ड 13 वर थांबला तर उत्तम. 16 वर गेला आणि कडेने कण सुटू लागले, तर तो घेऊ नका.